निवळी पांढरी झाली त्या दिवशी

लेकरू चार महिन्याचं होतं आन् सासरचे ते माझ्यापासनं काढून घ्यायला निघाले होते. अजून आठवलं की डोकं फिरतं.

घरात नवीन शहाबादी फरशी बसवल्याली. मी तिच्यावरच बसून लोणच्याची लिंबं चिरायलते, रस सांडला, फरशी फसफसली, बारीक बारीक बुडबुडे. सासूनं बघितलं. "अगं बया, हिच्या हाताखाली दगड उकळायलाय!" मी पटकन पुसलं, तेवढ्यावर भागलं. पण लेकराचं पोट फुगायचं म्हणून सासू त्याला रोज चुन्याची निवळी पाजायची. चुना भिजवून वरचं नितळ पाणी, चमचाभर. त्या दिवशी वाटी चुलीजवळ उघडीच राहिली, मी शेजारी बसून फुंकणीनं जाळ फुंकायलते, आन् दुपारी बघती तर निवळीवर पांढरी साय. सासूनं ते बघितलं आन् बोंब ठोकली,

"हिनंच काहीतरी टाकलंय! पोटच्या पोराला खायला बसली. पोरगं अक्काच्या वटीत घाला आन् हिला माहेरी धाडा."

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ. तिला मूल न्हाई. तिनं लगेच लेकरू उचलून उराशी धरलं. आमचे हे उंबऱ्यात उभे, एक शब्द न्हाई! मला राग तर असा आला की वाटलं चुलीतलं लाकूडच काढावं.

मदरशात मी चौथीपोत्तर गेले, मग लगीन. उर्दू निम्मी विसरले, पण उस्तानीनं, म्हंजे आमच्या मास्तरीणबाईनं, खडूवर लिंबू पिळून दाखवल्यालं विसरले न्हाई. त्यातनं जो वारा निघतो तो निवळीला दुधावानी करतो, आन् आपल्या श्वासात बी तोच असतो. नाव सांगितलं होतं त्या वाऱ्याचं, ते काय ध्यानात न्हाई.

फरशीचा उरल्याला तुकडा कुटला, तांब्यात टाकला, वर लिंबं पिळली. फस्स झालं. ताजी निवळी घेतली, तांब्या तिच्यावर हळूच कलता केला, थेंब न सांडता, नुसता वारा. वाटी हलवली. पांढरी!

"बघा, पुन्हा केली करणी," सासू वरडली.

मी दुसरी वाटी भरली आन् फुंकणी पुढं केली. "आता तुमी फुंका, आत्याबाई. फुंकणीचं टोक पाण्यात बुडवून."

"मी कामून फुंकू?"

"भ्यालाव व्हय?"

भ्यालाव म्हटल्यावर फुंकलंच. गुडगुड गुडगुड, दम लागेपोत्तर. निवळी दुधावानी झाली. सासू वाटीकडं बघायलीय, माझ्याकडं बघायलीय.

म्हटलं, "आता तुमाला बी माहेरी धाडायचं का?"

"जीभ लई फुटलीय हिला," एवढंच म्हणाली आन् परसात गेली.

अक्का लेकरू सोडंना. तिची बोटं एक एक करून उकलावी लागली. ती रडायली, तरी मला तिची दया आली न्हाई, खरं सांगते. लेकराला पदराखाली घेतलं तवा कुठं माझा जीव भांड्यात पडला.

तर हे जवळ येऊन हसत म्हणतात, "मला ठाऊकच होतं, तू काय करणारी न्हाईस."

ठाऊक होतं, तर मघाशी तोंड कामून उघडलं न्हाई?