सातेरीच्या समईतलं तेल

आधीच सांगते, मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. मालवणात लहानाची मोठी झाले, तिथे दर पिंपळाला एक मालक असतो म्हणतात... मला एकही भेटला नाही. शिवाय मी रेडिऑलॉजिस्ट. आत जे दिसतं ते सांगायचं, नाही दिसलं तर ‘दिसत नाही’ म्हणायचं — हा माझा धंदा. तेव्हा हे वाचून मला गंडेदोरे सुचवू नका.

ऐंशीच्या दशकाची अखेर. मुंबईचं शिक्षण आटोपून मी मालवणात, भातगिरणीला लागूनच्या जागेत सोनोग्राफीचं मशीन टाकलं होतं. काळे पडदे लावलेली लहानशी खोली, मशीन, व्होल्टेजसाठी स्टॅबिलायझर आणि मदतीला कायतान. जनरेटर नाही, बॅटरी नाही — हे लक्षात ठेवा.

माझे मामा देवबागला राहायचे. वर्षभर त्यांना पुन्हापुन्हा कावीळ होत होती. थंडी वाजून ताप, अंगभर खाज. तरुणपणी ते दारू घ्यायचे. सोडूनही जमाना झाला होता, पण गावाने निकाल देऊन टाकला — दारूने लिव्हर खाल्लं! मला ते मुळीच पटत नव्हतं. माझी खात्री होती, पित्तनळीत खडा आहे. लिव्हरच गेलं असेल तर फार काही करण्यासारखं नव्हतं. खडा असेल तर तो काढता येतो आणि माणूस वाचतो. पण गोव्याच्या सर्जननी स्पष्ट सांगितलं होतं, “इतक्या अशक्त माणसाचं पोट अंदाजावर उघडणार नाही. खडा दाखवा.”

आणि खडा दिसेना. दोनदा बघितलं, दोन्ही वेळा नळी फुगलेली दिसली, पण तिचं खालचं टोक आतड्यातल्या वायूच्या आड. मला स्वतःचा असा राग आला होता की विचारू नका.

तिसऱ्या खेपेला घाटात दरड कोसळलेली, कोल्हापूरहून एसटीने येणारं सोनोग्राफीचं जेल अडकलेलं. पोटाला काहीतरी ओलं लावल्याशिवाय वरून फिरवायच्या प्रोबला आतलं दिसत नाही. मी मामीला निरोप धाडला, येताना खोबरेल तेल आण. आमच्याकडे नारळाला काय तोटा!

भर दुपारी दोघं आली. मामीच्या हातातल्या बाटलीतलं तेल काळपट, आत वातीचा जळका तुकडा तरंगतोय.

“मामी, हे कुठलं तेल?”

“सातेरीच्या समयेतला.” सातेरी म्हणजे आमची ग्रामदेवता. “दुखण्याक लावचा त्याल देवीचा नाय, तर काय फोडणीचा हाडू?”

मी कपाळावर हात मारला. पण तेल ते तेल. वात काढून टाकली. मामीने स्वतःच्या हाताने ते मामांच्या पोटावर चोळलं.

“माका काय झाला ता एकदाचा सांग गो बाये,” मामा म्हणाले. आवाज इतका बारीक झाला होता की मला वाकून ऐकावं लागलं.

मामांना कुशीवर वळवलं, प्रोब ठेवला... आणि दिसला! नळीच्या खालच्या टोकाला पांढराशुभ्र खडा, मागे त्याची काळी सावली. यात चमत्कार नाही; कूस बदलली, वायू सरकला. मी मशीनच्या पडद्यावर लावलेल्या कॅमेऱ्याने फोटो घेतला. झटपट निघणारा फोटो, बघता बघता हातात आला. मी घामाने निथळत होते. मामांना थंडी म्हणून कायतानने पंखा बंद केला असेल, असं मला वाटलं.

तेवढ्यात पडदा सारून कायतान आत आला. “डॉक्टरबाईनू, लाईट कदीच गेली. मामी त्याल चोळी होती, तेवाच. मी तुमका सांगूक...” आणि मशीनच्या पडद्यावर नजर जाताच तो दोन पावलं मागे सरला.

मी कान दिला. गिरण बंद. स्टॅबिलायझरचा लाल दिवा विझलेला, काटा शून्यावर. मशीनच्या आतल्या पंख्याची घरघरसुद्धा नाही. आणि माझ्यासमोर मामांचं लिव्हर श्वासाबरोबर वरखाली होत होतं... स्पष्ट, स्थिर. मी घाबरून प्रोब उचलला. पडदा काळा झाला. पुन्हा ठेवला — काही नाही.

कुठेतरी माड पडून तारा तुटल्या होत्या. संध्याकाळपर्यंत अख्ख्या मालवणात वीज नव्हती. मशीनच्या इंजिनिअरला मी नंतर विचारलं. तो हसला. म्हणाला, वीज गेल्यावर पडदा पापणी लवेपर्यंत राहील फार तर. मी त्याला फोटो दाखवला, कोपऱ्यात वीज गेल्यानंतरची वेळ उमटलेली; तो हसायचा थांबला. तेच तेल लावून, मेन स्विच बंद करून मी पुन्हा प्रयोग केले, एकदा नाही, अनेकदा. काळा पडदा. माझ्याकडे आजही स्पष्टीकरण नाही, आणि नाही ते नाही. खोटं कशाला सांगू?

फोटो बघून सर्जननी ऑपरेशन केलं. खडा तिथेच निघाला. मामा पुढे कित्येक वर्षं तिरफळं घातलेली बांगड्याची आमटी ओरपत जगले.

ऑपरेशनच्या दिवशी इस्पितळाच्या बाकावर बसून मी मामीला न राहवून लाईटची गोष्ट सांगितली. म्हटलं, वीज नसताना पडदा चालू राहिला कसा, तेच कळत नाही. मामीने माझ्याकडे असं बघितलं, जणू एवढं शिकून मी वायाच गेले.

“त्याल होता मगे, बाये,” ती म्हणाली. “दिवो कसो विझतलो?”