बाकावरचा मामींचा हात

आमच्या शिरूरच्या काँक्रीट लॅबमधून रिपोर्ट पार्टी घेऊन जाते, किस्से मात्र इथंच साठत राहतात. त्यातले निम्मे तरी आमच्या टेक्निशियनचे, दौंडहून येणाऱ्या गुलाबमामांचे.

काम साधंच. काही खडीचं सिमेंटमधल्या अल्कलीशी जमत नाही. ओल मिळाली की ती आतून फुगते आणि काँक्रीट तडकतं. म्हणून आम्ही त्या खडीच्या फूटभर कांड्या करतो, गरम कॉस्टिकच्या पाण्यात बुडवतो आणि लांबी मोजत बसतो.

*

एका नव्या इंजिनिअरसाहेबांनी कांडी उलटी लावून मोजली. म्हणे, कांडी आखडली! मामा शांतपणे म्हणाले, "साहेब, पोराची उंची त्याला डोक्यावर उभं करून घ्येता व्हय?"

तेव्हापासून मामा प्रत्येक ओल्या कांडीच्या वरच्या टोकाला खिळ्यानं टिकली कोरतात. जिला टिकली नाही ती नमुना नाही, सरळ फेकायची.

*

एक खाणवाले आप्पा रिपोर्ट बघून तापले. "आज्ज्यापासूनचा दगड हाय आमचा. त्यो फेल कसा?"

मामांनी आधी चहा पाजला. "आप्पा, दगड ब्येस हाय. त्याला निस्तं सिमेंट मानवत न्हाई. थोडी फ्लाय ॲश, म्हंजी कोळशाची राख, घालून बघू." घातली, आणि कांड्या गप बसल्या. आप्पांनी गुळाची ढेप पाठवली.

*

दारातला बाक मामांनी चाचणीतून उरलेल्या खडीचा ओतला, त्या दिवशी मामी डबा घेऊन आल्या होत्या. "अगं, ओलं हाय," म्हणेपर्यंत त्यांनी हात टेकलासुद्धा. पंजा उमटला. मामा दिवसभर चिडचिड करत होते.

पुढं मामी गेल्या. मग मामा रोज सकाळी तो पंजा बादलीभर पाण्यानं धुवायला लागले.

हळूहळू बाकावर नकाशासारख्या चिरा आल्या, एक तर करंगळीपाशी. काय झालंय ते अख्ख्या लॅबला कळत होतं, पण मामांना कुणाला सांगवेना. शेवटी मीच म्हणाले, "मामा, ओल तुम्हीच देताय."

त्यांनी बादली खाली ठेवली. "व्हय की. जलमभर लोकांना ह्येच सांगतोय मी."

मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी बाकावर पत्र्याचं छप्पर केलं, कोरडं फडकं आणलं आणि दर सोमवारी चीर मोजून वहीत लिहायला लागले. चीर थांबली.

*

परवा हेड ऑफिसहून साहेब आले. तेच, उलट्या कांडीवाले, आता मोठे झालेले. "काँक्रीटच्या लॅबच्या दारात तडकलेलं काँक्रीट? आजच फोडून टाका."

मामांचा चेहरा पडला. लॅब सांभाळणाऱ्या आमच्या मॅडमनी सोमवारची वही साहेबांपुढं धरली. "सर, हा नमुना आहे. चाचणी चालू आहे."

साहेबांनी वही चाळली. बाकावरचा पंजा बराच वेळ बघितला. मग म्हणाले, "नमुना? मग टिकली कुठाय?"

मामांनी खिशातून खिळा काढला, बाकाशी गुडघे टेकले आणि पंजाच्या जरा वर कोरायला लागले. काँक्रीट पक्कं, चांगली दहा मिनिटं लागली. साहेब तिथंच उभे होते.

मामांनी फडक्यानं भुकटी पुसली.

"लावली, साहेब."