कलप लावलेली ऐंशी

एप्रिलमध्ये बँकेच्या रांगेत माझ्यापुढे एक आजोबा होते. केसांना ताजा कलप, त्याचा एक ओघळ कानामागे वाळलेला.

"मला ऐंशी पूर्ण झाली. आता सवलत वाढते, पेन्शनमधून कर कमी कापा," ते म्हणाले.

काउंटरवरची मुलगी हसली. "वाटत नाही हो, काका!"

"वाटत नाही म्हणजे? आधार कार्ड बघा!"

मला आधी गंमत वाटली, मग गलबलून आलं. जे वय रोज आरशासमोर लपवायचं, तेच इथे भांडून सिद्ध करायचं. तेव्हा कुठे पेन्शनमध्ये औषधापुरते चार पैसे जास्त उरणार.

बाहेर पडताना पायऱ्यांवर मी हात पुढे केला.

"राहू द्या," ते म्हणाले, "एवढं काही वय झालं नाही माझं."