कोंडाण्याच्या फणसाखालचा नियम

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, देशात ऑनलाइन नोटरीचा कायदा झालाच, तर त्यातला निदान एक नियम कर्जतजवळच्या कोंडाणे गावातल्या एका फणसाखाली जन्मलेला असेल. त्याचा जनक मी.

त्या दिवशी खालापुरात आम्ही काही नोटरी एका स्क्रीनसमोर बसलो होतो. सही करणारा माणूस खरा तोच आहे आणि राजीखुशीने सही करतो आहे, याची शिक्का मारून साक्ष देणारा वकील म्हणजे नोटरी. त्यासाठी आज माणूस समोर लागतो. व्हिडिओ कॉलवर हे करू द्यावं का, आणि कोणत्या नियमांनी, यावर आमच्या सूचना घ्यायला मुंबईहून एक अधिकारीबाई आल्या होत्या.

रंगीत तालमीसाठी पक्षकार मी पुरवली होती. कोंडाण्याच्या काशीमावशी. कंबरेचं हाड मोडल्याने त्यांना घराबाहेर पडता येत नव्हतं. मुलगा बाळूला घर होमस्टेवाल्या पार्टीला द्यायचं होतं. घर मावशींच्या नावावर, म्हणून त्यांचं संमतीपत्र हवं होतं. खरा शिक्का मी नंतर त्यांच्या घरी जाऊनच मारणार होतो.

स्क्रीनवर मावशी आल्या. आधार जुळलं. ओटीपी आला. चेहरा जुळला. तीन हिरव्या खुणा.

"मावशी, संमती आहे ना?"

मावशींनी मोबाइलच्या वर कुठेतरी पाहिलं. मग म्हणाल्या, "हाय."

"पूर्ण घर द्यायचं?"

पुन्हा वर. "हाय."

"परफेक्ट!" अधिकारीबाई म्हणाल्या.

माझ्या ऑफिसात मी सही करणाऱ्याला आत ठेवतो आणि बाकी सगळ्यांना चहाला पिटाळतो. पण खालापुरात बसून कोंडाण्यातल्या खोलीतला माणूस बाहेर कसा काढायचा? मी हौशी नाटकांत राजाची कामं केली आहेत. तोच आवाज लावला.

"बाळू! नियमानुसार खिडकीतून दिसेल असं फणसाखाली जाऊन उभा राहा. तोंड फणसाकडे!"

"असा नियम हाय, वकीलसाहेब?"

"आत्ताच लागू झालाय."

बाळू गेला. खिडकीत त्याची पाठ दिसू लागली.

"आता सांगा, मावशी. कागदात काय आहे?"

मावशींनी त्या पाठीकडे एकदा पाहिलं आणि सुटल्याच. घर द्यायला त्यांची ना नव्हती. पण मागची खोली आणि चूल मरेपर्यंत त्यांना हवी होती. "मला कर्जतला ब्लॉकात नेऊन ठेवणार हाय तो. तितं मी बोलू कुणाशी? आन् ह्ये सांगू कवा? तो सारखा पुढ्यातच बसलेला!"

अधिकारीबाईंनी नियम माझ्याकडून पुन्हा वदवून घेतला आणि स्वतः टाइप केला: सही करणारा खोलीत एकटा, बाकीचे बाहेर, पण कॅमेऱ्याला दिसतील असे. फणस तेवढा गाळला. याचं मला आजही वाईट वाटतं.

बाळू आधी फुगला. "आये, मला तोंडानं सांगायचं ना!" मग पार्टीशी बोलून आला. नव्या कागदात मागची खोली आणि चूल मावशींची राहिली.

शिक्का मारायला मी कोंडाण्याला गेलो, तेव्हा बाळू न सांगता फणसाखाली जाऊन उभा राहिला. मी वाचून दाखवलं, मावशींनी सही केली, मी शिक्का मारला. ओटीपीला माणूस ओळखता येतो. त्याच्या पुढ्यात कोण बसलंय, ते आपणच बघावं लागतं.

मी उठणार, तेवढ्यात मावशींनी थर्मास उघडून माझ्या कपात पुन्हा चहा ओतला.

बाहेरून हाक आली, "आये, झालं का गं?"

मावशी शिक्क्यावर हात ठेवून ओरडल्या, "नाय रं! कायदा हाय, थांब तितंच!"