एका बाजूनं घासलेला हत्ती

काचेच्या कपाटासमोर मी चपला काढल्या, हात जोडले, आणि डोळ्यांत आलेलं पाणी बायकोला दिसावं अशा बेतानं जरा तिच्याकडे वळलोही. म्हणालो, "हेच ते. आपल्या वावरातले." तेवढ्यात संग्रहालयाचा पहारेकरी आला. त्यानं आधी मला चपला घालायला लावल्या आणि मग सांगितलं की ही नाणी प्लास्टरची आहेत, खरी आत कुलपात असतात. बायकोनं पदर तोंडाला लावला. ती रडत नव्हती.

आमचं वावर किन्हीराजाच्या शिवारात. मी शाळेत होतो तेव्हाची गोष्ट. वाशिम जिल्हा अजून व्हायचा होता, आम्ही अकोल्यात मोडायचो. भर उन्हाळ्यात विहिरीपासून वांग्यांच्या वाफ्यांपर्यंत पाइप टाकायला बाबा चर खोदत होते आणि आई टोपल्यानं माती काढत होती. कुदळ मडक्यावर बसली. आत मातीनं एकमेकांना चिकटलेली नाणी. बाबांनी पोलीस पाटलाला कळवलं, पंचनामा झाला, मडकं जीपमध्ये बसून तालुक्याला, मालेगावला गेलं. तिथून पुढं त्याचं काय झालं ते आमच्यापैकी कुणालाच कळलं नाही.

गावानं बाबांना येड्यात काढलं. चूपचाप ठेवून घ्यायचं होतं, म्हणाले. बाबांचं एकच उत्तर: सरकार ते काचेत ठेवील, खाली आपल्या गावाचं नाव लिहील, आन लोक तिकीट काढून पाहतील. ही गोष्ट त्यांनी शिरपूरला जाणाऱ्या यात्रेकरूंना सांगितली, एसटीत शेजारी बसेल त्याला सांगितली, माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांना सांगितली. पाहायला मात्र जाणं झालं नाही. सोयाबीन निघाली की जाऊ, हरभरा पेरला की जाऊ, असं करता करता बाबाच गेले.

आता आईचे गुडघे तिला फाटकापलीकडं जाऊ देत नाहीत. मी निघालो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "हायेत का कुठी आटवून टाकले, तेवढं पाहून ये. बाकी मले काई नाई पाह्यजे."

आतल्या खोलीत नाण्यांचं काम पाहणाऱ्या मॅडम भेटल्या. मी आधी फोन केला होता म्हणून त्यांनी ट्रे काढून ठेवले होते. वऱ्हाडातल्या वेगवेगळ्या गावचे साठे कधीकाळी एकाच कपाटात ठेवले गेले, कपाटं हलली, पाकिटांवरची शाई उडाली, आणि उरलं ते फक्त 'अकोला जिल्हा'. कोणतं नाणं कोणत्या शिवारातून आलं, हे शोधण्यातच त्यांची सध्याची वर्षं चालली होती. सातवाहनांची नाणी, एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला चार गोल. मी छाती फुगवून सांगितलं, मी बरोबर ओळखतो. आणि ओळखलीही. अडचण एवढीच की प्रत्येक ट्रेमधलं प्रत्येक नाणं मला आमचंच वाटलं.

मॅडमनी ते सौजन्यानं ऐकून घेतलं. मग एका पाकिटातली काही नाणी पुढं करून त्या जरा चिडूनच म्हणाल्या, ही बघा, कुणीतरी घासून वाट लावली आहे. तीही एकाच बाजूनं. हत्ती लख्ख, आणि मागं जुना हिरवा थर जसाच्या तसा. असं कुणी का करील, ते त्यांना आजवर कळलं नव्हतं. मलाही कळेना. बायको म्हणाली, आईले फोन लावा.

फोन स्पीकरवर ठेवला. आईला विचार करावा लागला नाही. वावरातून निघेल ते आमच्याकडे आधी देवापुढं जातं. पहिलं कापसाचं बोंड जातं, पहिलं वांगं जातं. मग हे कसं राहील?

"चिचंनं घासले ना थोडेसे," आई म्हणाली. "हत्ती व्हता त्याच्यावर, लक्ष्मीचा. त्याचं आंग धुतलं, हयदकुकू लावलं. मांगं नुसते गोल व्हते, ते कायले घासाचे? पंचनाम्याच्या आंदी ठेवले मडक्यात परत."

मॅडम हसल्या, मग हसायच्या थांबल्या. त्यांनी पाकीट पुन्हा उघडून एकेक नाणं उलटंसुलटं केलं. हा काही कागदोपत्री पुरावा नाही, त्या म्हणाल्या. पण आईचं म्हणणं त्या नोंदवून घेतील. पाकिटावर त्यांनी पेन्सिलीनं आमच्या गावाचं नाव लिहिलं आणि पुढं कंसात 'संभाव्य'. बाबांनी जन्मभर मनातच पाहिलेल्या काचेच्या कपाटापुढं तो शब्द फारच बारीक होता. तरी मला तो नीट वाचता येईना, आणि चष्मा तर डोळ्यांवरच होता.

आई अजून फोनवरच होती. "हातात घेतला काय तू?" तिनं विचारलं.

मॅडमनी मला पांढरे सुती हातमोजे दिले. मी ते घातल्यावर त्यांनी माझ्या तळहातावर एक नाणं ठेवलं.

"घेतला," मी म्हणालो.

"थंडा हाये काय? चरातून काहाडला तवा एवढ्या तपनीत थंडागार व्हता. तुह्या बाबानं माह्या गालाले लावला व्हता."

मी अंगठ्यानं हत्ती दाबून पाहिला. बोटाला लागत होतं ते कापड. बाबा कुणाच्या गालाला काही लावतील असे होते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळत होतं.

"हाये," मी म्हणालो. "लय थंडा हाये."

मग आईनं जेवलात काय म्हणून विचारलं आणि फोन ठेवला.

बाहेर पडून मी आणि बायको बसथांब्यावर आलो. बस दिसली तशी तिनं पिशवी या हातातून त्या हातात घेतली आणि म्हणाली, "घरी गेल्यावर आईले हातमोज्याचं नका सांगू."