सात मिनिटांत धुळं

आमच्या सुरतेजवळच्या भेस्तानच्या घरातला पहिला पदवीधर मी, त्यामुळे आईला दुपारपर्यंत उपाशी ठेवण्याचा मानही मलाच मिळाला.

धाकटी बहीण वर्षा शिकायला टोरांटोला निघाली. मुंबईहून पहाटे पाचला विमान सुटलं. आमच्या घरची रीत अशी, की लेक पोचल्याचा निरोप येईपर्यंत आई अन्नाला शिवत नाही. त्यात आईला साखरेचा आजार. म्हणून सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"भाऊ, तू शिकेल शे. कितला टाइम लागस?" आईने विचारलं. मला ती भाऊच म्हणते.

मी तिकिटाचा फोटो बघितला. सुटणार पाचला, पोचणार सकाळी अकराला, तारीख तीच. अकरातून पाच गेले, उरले सहा. (बी.एस्सी. गणित! प्रथम वर्ग!)

"सहा तास. अकराला फोन येईल, लगेच जेव."

अकराला फोन लावला, बंद. बाराला लावला, बंद. एक वाजता आईचे हात थरथरू लागले.

"आई, निदान दोन बिस्किटं खा."

"आंडेर कोठे शे ते सांग पहिले!"

लेक कुठे आहे, हे माझ्या पदवीत नव्हतं. मी ओट्यावर जाऊन शेजारच्या वंदनाकाकूंना अगदी हळूच सांगितलं, "विमानाचा पत्ता नाही." हळूच सांगितल्यामुळे दहा मिनिटांत सगळ्या गल्लीला कळलं! दोनच्या सुमारास बायका डोळ्याला पदर लावून ओट्यावर बसल्या. काकूंनी पिठलं-भाकरी आणली. माणूस गेलेल्या घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारी आणतात, ती!

बाबा चौथी शिकलेले. तीस वर्षं लूमवर काढलेली.

"किती लांब आहे रे ते?"

मी मोबाईलवर बघितलं. "साडेबारा हजार किलोमीटर."

बाबांनी डोळे मिटले. तासाला किती मीटर कापड निघेल, हे ते असंच काढायचे.

"सहा तासांत? म्हणजे तासाला दोन हजाराच्या वर. अरे, या वेगानं इथून धुळं सात मिनिटांत येतं!"

"बाबा, विमान आहे ते!"

"असू दे. तिकडे आता किती वाजले?"

"हो ना," काकू नाक पुसत म्हणाल्या, "मी दुपारी फोन करते तेव्हा आमचा अमेरिकेचा नातू झोपेत असतो."

मी बघितलं. टोरांटोत पहाटेचे साडेचार! तिकिटावरचे अकरा तिकडच्या घड्याळाचे होते. विमान अजून साडेसहा तास हवेतच राहणार होतं.

बायकांनी पदर खाली घेतले. जरा नाराजीनेच.

"तिला विमानात दोनदा जेवण देतात," बाबा आईला म्हणाले. "तू कशाला उपाशी मरतेस?"

तेव्हा कुठे आईने भाकरी मोडली. (वर्षाचा फोन रात्री पावणेनऊला आला. मजेत होती.) मग आई दुसरी भाकरी माझ्या ताटात टाकून म्हणाली, "खाय भाऊ. हिशोब करी करी थकी गया व्हशी."

मी खाल्ली. इतकी वर्षं शिकून, निव्वळ स्वतःच्या बुद्धीवर मिळवलेली ती माझी पहिली भाकरी!