तोरणाखालचा जवाब

बातमी आली तेव्हा मी जळगाव जामोदच्या बैलबाजारात होतो. गिऱ्हाइकाचा हात माझ्या उपरण्याखाली होता, बोटांनी भाव चालला होता. आमच्या गावाकडून आलेला गाडीवान म्हणाला, "शेठ, गणपतभाऊ गेले." मी हात काढून घेतला आणि गिऱ्हाइकावरच खेकसलो. सौदा मोडला. गणपतभाऊवर माझा जुना राग होता. तो न मिटवताच हा माणूस निघून गेला...

गणपतभाऊ पिंपळगाव राजाजवळच्या आमच्या गावचा झडतीवाला. पोळ्याला वेशीवर आंब्याच्या पानांचं तोरण लागतं, सगळ्या बैलजोड्या त्याखाली उभ्या राहतात आणि मग झडत्या सुरू होतात. चिमटे काढणाऱ्या चार-चार ओळी, तिथल्या तिथे जुळवलेल्या. ज्याला झोंबल्या त्यानं उलट जवाब द्यायचा. झडती झाल्याशिवाय तोरण तुटत नाही आणि बैल घरी फिरत नाहीत. नागपूरहून आलेल्या एका विद्वानांनी मला ऐकवलं होतं, की तुमच्याकडे इतिहास म्हणजे रोहिणखेडची मशीद, बाकी सारं खेडवळ. मशीद मीही पाहिली आहे, देखणीच आहे. पण चार ओळींत पाटलाचा फेटा उडवणारा गणपतभाऊ त्या गृहस्थांनी पाहिला नव्हता.

मी माळ्याचा पोरगा. मेथीच्या जुड्या डोक्यावर वाहिल्या, मग बैलांची दलाली धरली, शेवटी स्वतःचं शेत केलं. त्या शेतासाठी ठेवलेली मोऱ्या-ढवळ्याची जोडी मी कधी बाजारात नेली नाही. ती सजवून पहिल्यांदा तोरणाकडे निघालो, तर पाटलाच्या माणसानं कासरा धरून मागे वळवली. वऱ्हाड नागपूरच्या सरकारला जोडलेलं असेल, आमच्या वेशीवर राज्य पाटलाचं.

"दलालाच्या गोठ्यातला बैल म्हंजे बजारचा माल," पाटील सगळ्यांदेखत म्हणाले. "पोळा कास्तकाराच्या बैलाचा."

माझं डोकं फिरलं. हात उगारायचाच बाकी होता. बाजारात मी कुणाला हार गेलो नसतो, पण इथे भाव करणार कशाचा?

वाजंत्री थांबली. झडतीची वेळ झाली. गणपतभाऊ पुढे आला आणि गप्प उभा राहिला.

"म्हन ना बे," पाटील म्हणाले.

"घसा बसला, पाटील."

"आत्ता तं बोंबलून राह्यला होता!"

"तवा सगळे बैल उभे होते. येक जोडी मांगं फिरली, तिच्यासंगं आवाजबी गेला."

लोक हसले, मी मात्र पाटलांच्या तोंडाकडे पाहत होतो. गणपतभाऊ पाटलाचीच जमीन बटईनं, म्हणजे पिकाच्या वाट्यावर, करायचा. पाटील बिथरले तर पुढच्या हंगामात त्याची तिफण चालणार कुठे? पाटलांनी दुसऱ्याला पुढे ढकललं. त्याची झडती दुसऱ्याच ओळीत अडखळली. बैल शिंगं हलवू लागले, बाया दारात ओवाळणीची ताटं घेऊन ताटकळल्या. गणपतभाऊ आभाळाकडे पाहत उभा. शेवटी पाटील ओरडले, "आना बे ते बजारचे बैल!"

माझी जोडी तोरणाखाली आली. गणपतभाऊचा घसा लगेच सुटला:

"दलालाच्या जिभेले नाही हाड,
लबाडीत मोठा द्वाड;
पन बैलाचा खांदा घट्टा दाखवते,
खांद्याले लबाडी कुठी येते?"

खांद्यावर जुवाचा घट्टा, म्हणजे बैल शेतात राबलेला, बाजारचा माल नव्हे. गाव 'हर हर महादेव' करत नाचलं. माझी जोडी जिंकली होती आणि मी गावासमोर लबाड ठरलो होतो! कित्येक महिने मी त्याच्याशी बोललो नाही. पाटलांनी त्याची बटई मोडली नाही, एवढं खरं. पुढे दर पोळ्याला तो मला डिवचायचा, "नारायणा, जवाब कवा देतं बे? का त्याचाबी भाव करून राह्यला?" मी चरफडायचो. जुळवाजुळव हा माझा धंदा, पण ओळी जुळत नव्हत्या.

यंदा तो गेल्यानंतरचा पहिला पोळा. तोरण लागलं, पण झडती म्हणणार कोण? झडतीआधी तो रांगेतून फिरायचा, प्रत्येक बैलाच्या खांद्यावर हात ठेवायचा. कुणीच हलेना, तेव्हा मी उठलो आणि तसाच फिरलो. गणपतभाऊच्या जोडीपाशी त्याचा मुलगा उभा होता, तिथे जरा थांबलो. मग तोरणाखाली येऊन ओरडलो:

"मले लबाड म्हनून गेला निघून,
जवाब घे आज तोरणाखालून;
सारे खांदे आलो चाचपून,
तुह्या खांद्यावानी दिसला ना कोन!"

गावानं वेस दणाणून सोडली. सगळ्यात मोठा आवाज म्हाताऱ्या पाटलांचा होता. तोरण तुटलं, पोरं पानं लुटायला धावली. पाटील डोळे पुसत म्हणाले, "नारायण, शेवटाले यमक घसरलं बरं का."

मी भडकलो. "घसरलं असंल तं द्या ना उलट जवाब!"

"देतो," पाटलांनी फेटा सावरला. "पुढच्या पोळ्याले उभा राह्य फक्त."